चार महिन्यांची पाहुणी

आमच्या बुलढाणा जिल्ह्याविषयी बाहेरच्या माणसाला तीन गोष्टी ठाऊक असतात. लोणारचे सरोवर, शेगावची समाधी आणि जिजाऊंचे सिंदखेडराजा. चौथी गोष्ट विचाराल तर तो जरा विचार करतो आणि म्हणतो, "तुमच्याकडे पाण्याची टंचाई फार म्हणे!" झाले! एखाद्या घरातली सारी माणसे सोडून रिकाम्या रांजणाचीच चौकशी करावी, तसा हा प्रकार. टंचाई आहे, नाही कोण म्हणतो? पण आमच्या जिल्ह्यात नद्याही आहेत, आणि त्यांची एक मोठी मौज आहे. ती आज सांगतो.

अजिंठ्याच्या डोंगराची रांग आमच्या जिल्ह्याला मधोमध चिरीत गेली आहे. त्यामुळे जिल्ह्यातल्या माणसांच्या दोन जाती झाल्या आहेत: घाटावरची आणि घाटाखालची. बुलढाणा, चिखली, मेहकर ही मंडळी घाटावरची. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही घाटाखालची. घाट उतरला की 'मला'चे 'मले' होते, भाकरीची चव बदलते आणि उन्हाळ्यात अंगावरचा सदरा नकोसा होतो. परंतु खरी फाळणी केली आहे ती पाण्याने. बुलढाण्याजवळ मढ गावाच्या शिवारात, बुधनेश्वराच्या देवळापाशी पैनगंगा उगम पावते. ती येळगावच्या धरणात बुलढाणेकरांची तहान भागवते आणि मेहकरवरून पूर्वेला चालू लागते. पुढे ती वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आता याच डोंगराच्या उत्तर अंगाला पाहा. तिथून ज्ञानगंगा निघते, घाट उतरून नांदुऱ्याकडे जाते, पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवापाशी तापीत जाते आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्रात. म्हणजे घाटमाथ्यावर एकाच सरीतले दोन थेंब हातभर अंतरावर पडले, तर एक पूर्वसमुद्राला जातो आणि दुसरा पश्चिमसमुद्राला. सख्ख्या बहिणींची सासरे एवढ्या लांब मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

हे सारे मी इतकी वर्षे शाळेत मुलांना नकाशावर काठी ठेवून शिकवले. पण या नद्यांकडे हातात सामान घेऊन, मुद्दाम हिंडायला म्हणून जाण्याचा योग आला तो माझ्या पुतणीमुळे. आमचे थोरले बंधू १९७० साली अमेरिकेला गेले ते तिकडचेच झाले. त्यांची ही मुलगी. बंधू दोन वर्षांपूर्वी वारले. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तिचा निरोप आला: "काका, मी येते आहे. मला बाबांची नदी पाहायची आहे. होडी वल्हवायची, नदीकाठी तंबूत राहायचे आणि पायी हिंडायचे."

निरोप वाचून आमच्या घरात जी शांतता पसरली तिचे वर्णन करवत नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "तिला लोणार दाखवा, शेगावचे दर्शन घडवा, आणि पुरणपोळी खाऊ घाला. वल्हवायला काय इथे काश्मीर आहे?"

ती आली आणि तिने तिकडच्या गोष्टी सांगितल्या. तिच्याकडे नदीकाठची राने राखून ठेवतात. लोक सुट्टीच्या दिवशी होड्या मोटारीच्या टपावर बांधून तिथे जातात, रात्री तंबूत राहतात, पाऊलवाटांनी हिंडतात. काही नद्या तर कायदा करून मोकळ्या ठेवल्या आहेत. त्यांवर बांध घालायचा नाही, त्यांचे पाणी वाहते ठेवायचे. त्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली ती १९६८ साली, आणि तारीख होती २ ऑक्टोबर. आपण त्या दिवशी सूत काततो, त्यांनी नद्या राखल्या. मला हा योगायोग फार आवडला.

मी तिला म्हटले, "पोरी, तुमची नदी बारमाही. आमची नदी म्हणजे चार महिन्यांची पाहुणी. येते ती वाजतगाजत, वाटेतली फरशी बुडवून येते. संक्रांत झाली की आवराआवर करते आणि शिमग्याला तिच्या जागी नुसते दगडगोटे उरतात." यात खोटे काही नाही. आमचा काळा पाषाण पाणी फारसे पोटात साठवीत नाही. पावसाळ्यात पडते ते धावत सुटते, आणि उन्हाळ्यात बायकांना नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरावे लागते. होड्यांची हौस भागवायची तर कोकणात कोलाडला कुंडलिकेवर जावे. पण तिथली गंमतही भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटते त्या वेळेवर चालते. पाणी बंद झाले की होड्या काठावर.

तरी दिवाळीचे दिवस आमच्याकडे नदीला भेटायला सगळ्यांत चांगले. पाऊस सरलेला, गढूळपणा बसलेला, आणि पाणी अजून वाहते आहे. तेव्हा ठरले. होडी तलावात, पायपीट ज्ञानगंगेच्या रानात, आणि मुक्काम रानाच्या कडेला.

होडीची कथा आधी सांगतो. पुतणीने पेटीतून घडी घातलेली एक रबरी होडी आणली होती. पायाच्या पंपाने ती फुगवायची. घाटाखालच्या एका पाटबंधाऱ्याच्या तलावावर आम्ही गेलो तेव्हा ती फुगेपर्यंत निम्मे गाव काठावर जमले. "लगीन हाय का?" इथपासून "सरकारची मोजणी हाय काय?" इथपर्यंत सगळे प्रश्न होऊन गेले. तेवढ्यात पाण्यातून एक भोई आला. ट्रॅक्टरच्या चाकाच्या ट्यूबवर फळी बांधलेली, त्यावर मांडी घातलेली, दोन्ही हातांत दोन चपट्या पट्ट्या आणि मांडीवर जाळे. हीच त्याची नाव. त्याने आमच्या लालभडक होडीकडे एकदा नीट पाहिले आणि म्हणाला, "ताई, हे इकडे कायले आनली? पान्यात बाभयी हायेत बुडेल. काटा लागला का संपलं."

खरेच होते. तलाव भरला तेव्हा शिवारातल्या बाभळी उभ्याच्या उभ्या पाण्याखाली गेल्या होत्या. कुठे बाभूळ आहे, कुठे जुनी विहीर बुडाली आहे, कुठे गाळात पाय रुततो, हे त्याला घरातल्या भिंतीसारखे ठाऊक. मग तो पुढे आणि आम्ही मागे अशी वरात निघाली. पुतणीने मला तरंगते जाकीट घातले होते. त्या जाकिटात मी कसा दिसत होतो हे काठावरच्या पोरांच्या हसण्यावरून कळले. भोई मात्र हसला नाही. त्याने जाकिटाचे बंद हात लावून पाहिले. म्हणाला, "मले पोहता येते. पन जायात पाय गुतला तर पोहनं काय कामाचं?" परत निघताना पुतणीने तिचे जादा जाकीट त्याला दिले. त्याने ते तिथेच अंगात घातले.

ज्यांना अशा पाण्यावर जायची हौस असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे. वरून सारखे दिसणारे पाणी खालून सारखे नसते. आमच्या जिल्ह्याच्या सीमेवर वारी हनुमानाजवळ वाण नदीत 'मामा-भाचा' नावाचा एक डोह आहे. जागा रम्य, पण तिथे पोहायला उतरून माणसे बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. जुनी माणसे सांगत, डोहापाशी गेलास तर आधी काठावरच्या माणसाला विचार. त्या एका वाक्यात पोहण्याची निम्मी विद्या आहे.

आता ज्ञानगंगेकडे वळू. बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याचा घाट लागतो. तिथले रान १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. अभयारण्यात आपल्या मर्जीने शिरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि पायी जायचे तर सोबत माहितगार माणूस हवाच. आमच्याबरोबर आलेले गृहस्थ साठीच्या पुढचे होते. हातात काठी, डोक्याला रुमाल. ते चालताना काठी दगडावर आपटीत आणि मोठमोठ्याने बोलत. पुतणीला वाटले, यांना ऐकू कमी येते. ते म्हणाले, "नाही ताई. इथं अस्वलं लई. अस्वल आपल्याच नादात असतं. आपण येतो हे त्याला आधी कळलेलं बरं. अचानक समोर आलं का ते घाबरतं, आन् घाबरलं का धावून येतं." पुढे घरचा जावई येणार म्हणून वर्दी द्यावी तशी ते अस्वलाला वर्दी देत चालले होते.

पाणी खडकावरून खळखळत होते. सागाची पाने अजून हिरवी, सालईची खोडे कागदासारखी सोललेली, उतारावर सीताफळे पिकून उलली होती. बुलढाण्याचा माणूस दिवाळीत सीताफळ खातो ते याच डोंगरांचे. अस्वलांचाही त्यावर डोळा असतो. तेव्हा रानातले फळ त्यांना आणि रस्त्यावरच्या टोपलीतले आपल्याला, अशी वाटणी ठेवावी.

एका वळणावर डोह लागला. वर खडकाची कपार, खाली हिरवे-काळे पाणी. पाण्याच्या कडेला ओल्या मातीत खुरांचे आणि पंजांचे ठसे. वाटाड्यांनी काठीने एकेक दाखवला: ही रोही, हे भेकर, हा बिबट्या. उन्हाळ्यात नदी आटली की असे डोह आणि बांधून दिलेले पाणवठे एवढाच या सगळ्यांचा आसरा. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखाते निसर्गप्रेमींना पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसू देते, ते म्हणूनच. त्या रात्री सारे रान पाण्यापाशी येते.

इथेच त्यांनी वाघाची गोष्ट काढली. ही गोष्ट तेव्हा वर्तमानपत्रांतून देशभर गाजली होती. यवतमाळकडे टिपेश्वरचे अभयारण्य आहे. तिथल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओचा पट्टा बांधला होता. वनखात्याच्या दप्तरी त्याचे नाव टी-१-सी-१. हा पठ्ठ्या घर सोडून निघाला. शेते, ओढे, सडका, गावांच्या वेशी ओलांडीत, तेलंगणाच्या हद्दीत जाऊन परत फिरून, २०१९ च्या डिसेंबरात ज्ञानगंगेच्या रानात आला. नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर चालला. पैनगंगेच्या खालच्या अंगाचा हा प्राणी पैनगंगेच्या उगमाशेजारी येऊन घाट उतरला, म्हणजे एका समुद्राच्या नदीवरून दुसऱ्या समुद्राच्या नदीवर आला! तो कशासाठी हिंडत होता? जाणकार म्हणाले, जागेसाठी आणि जोडीदारणीसाठी. जागा मिळाली, भक्ष्य मिळाले. जोडीदारीण नव्हती. त्या साऱ्या रानात वाघ म्हणून तो एकटाच. त्याच्यासाठी वाघीण आणावी का, याची चर्चा २०२० साली झाली. पण रान लहान आणि भोवती शेतीच शेती.

वाटाडे सांगत होते आणि पुतणी गप्प झाली होती. मग तिने विचारले, "काका, तो इथेच का थांबला असेल?" उत्तर माझ्याआधी वाटाड्यांनी दिले. "पाणी व्हतं ना ताई."

मुक्काम एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतात केला. शेत रानाला लागून, अभयारण्याबाहेर. तंबू ठोकला, चहा झाला, आकाशात एवढ्या चांदण्या की पुतणी मोजायला लागली. ती म्हणाली, "काका, हे किती छान आहे! अशा जागेसाठी आमच्याकडे महिना महिना आधी नाव नोंदवावे लागते." त्या वेळी शेतमालक पलीकडच्या मचाणावर चढत होता. सोयाबीन निघाले होते, पण कपाशी आणि तूर उभी होती. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत शेत लोळवतात. तो पीक उगवल्यापासून जागलीला बसतो आहे. मध्यरात्री त्याची आरोळी ऐकू आली, पत्र्याचा डबा वाजला, आणि अंधारात काहीतरी जड धावत गेले.

सकाळी पुतणीने त्याला विचारले, "तुम्ही घरी कधी झोपता?" तो म्हणाला, "तूर निघाली का." हे त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही. पण आपली हौस आणि त्याचा नाइलाज एकाच चांदण्याखाली चार हातांवर झोपले होते, हे मला विसरता आले नाही. नदीकाठच्या रानात पाहुणा म्हणून जाणाऱ्याने हेही पाहावे. आपल्याला ज्या रानाचे कौतुक, त्याची राखण कोणाच्या तरी झोपेवर चालते. त्याच्या घरची भाकरी खावी, पैसे द्यावेत, त्याच्याच गावातला वाटाड्या घ्यावा. रान राहण्यात त्याचाही फायदा दिसला, तर रान राहील.

शेवटचा दिवस 'बाबांच्या नदी'साठी ठेवला होता. बंधू लहानपणी ज्या डोहात पोहायला शिकले तो अभयारण्याच्या बराच खाली, घाट उतरल्यावर, आमच्या मामांच्या गावाजवळ आहे. ते मुलीला सांगत, तिथे आम्हां पोरांना तळ कधी लागला नाही. बुडी मारून तळाचा गोटा वर आणील तो राजा, अशी पैज असे. ती आजतागायत कोणी जिंकली नव्हती.

आम्ही तिथे पोहोचलो. पुतणीने चपला काढल्या, हळूच पाण्यात उतरली आणि चालत पलीकडच्या काठावर गेली. पाणी गुडघ्याला लागले नाही. ती मध्येच वाकली, तळाचा एक गोटा उचलला आणि हातात धरून उभी राहिली. पैज तिने जिंकली होती. पण तिचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. "काका, नदी कुठे गेली?" एवढेच तिने विचारले.

गेली कुठे नाही. भरली आहे. वरच्या उतारांवरची झाडे गेली, नांगरलेली माती पावसात धुऊन आली आणि डोहात बसली. वर रानात, जिथे मातीला मुळांनी धरून ठेवले आहे, तिथला डोह आम्ही आदल्या दिवशी काळाभोर पाहिला होता. नदी तीच आणि पाऊसही तोच. फरक एवढाच की वरच्या डोहावर वाघापासून वाटाड्यापर्यंत सगळ्यांची नजर आहे, आणि खालच्या डोहाकडे कोणी बघत नाही. मी गावात चौकशी केली. तरुण पोरांना तिथे डोह होता हेच माहीत नव्हते. ती पोहायला कुठे जातात? जात नाहीत. आणि ज्या पाण्यात पाय घातला नाही, ते पाणी कमी झाले तर कळणार कोणाला, आणि भांडणार कोण?

मला यातून जे वाटते ते सांगतो. आपल्याकडे नदीवर जाण्याची कारणे थोडी उरली आहेत. गणपती बुडवायला जातो, माणूस पोहोचवायला जातो, आणि वाळू भरायला ट्रॅक्टर जातो. पूर्वी धुणे होते, पोहणे होते, काठावरची वांगी होती, यात्रा होती. येणे-जाणे होते म्हणून ओळख होती. आता नळ आले ही चांगलीच गोष्ट झाली, बायकांची पायपीट वाचली. पण ओळख तुटली. पुतणीच्या त्या होडी-तंबूच्या हौसेला मी आधी हसलो नव्हतो असे नाही, सगळे घरच हसले होते. पण आता मला ती हौस फार उपयोगाची वाटते. माणसे मौजेसाठी का होईना नदीकडे जाऊ लागली, तर यंदा पाणी कुठवर होते आणि गेल्या वर्षी कुठवर होते हे सांगणारे चार तोंडे तरी गावात तयार होतील. तिकडे कायदा झाला तोही नदीवर जाणारी, तिच्यावर जीव असणारी माणसे होती म्हणून झाला.

तेव्हा वाचकहो, फराळ झाला, पाहुणे गेले, की एक दिवस काढा. तुमच्या गावची नदी कोणतीही असो, ती अजून वाहत असेल, कारण तिचा मुक्काम थोडा आहे. पोरांना बरोबर घ्या. होडी नसली तरी चालेल. काठाने दोन कोस चाला, वाटेत जो म्हातारा भेटेल त्याला डोहांची नावे विचारा आणि ती पोरांकडून वहीत लिहून घ्या. काठी टाकून खोली पाहा आणि तीही लिहा. पुढच्या दिवाळीला तीच वही घेऊन पुन्हा जा. आमच्या मामांच्या गावात आम्ही अशी वही शाळेत ठेवली आहे. पहिल्या पानावर पुतणीच्या हातची, जरा वाकड्या मराठी अक्षरांतली नोंद आहे: "पाणी गुडघ्याच्या खाली." यंदाची नोंद पोरांनी परवा केली. ती वाचून मी तिला कळवले आहे की पाणी तेवढेच आहे, पण मोजायला सतरा पोरे गेली होती.